रंग चुकले, लोखंड जमले

सोयाबीन घरात यायला लागले की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एक ठरलेला रुग्ण येतो. वेळ रात्री बारा ते तीनच्या मधली. दोन्ही डोळ्यांवर ओला रुमाल, हात धरायला भाऊ नाहीतर शेजारी. डोळ्यांत वाळू कोंबल्यासारखी आग होते, पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही. दिवसभरात काय काम केले असे विचारले तर काहीच विशेष नाही असे उत्तर मिळते. दुसऱ्यांदा विचारले की खरे कळते. दुपारी वावरातल्या कोठ्याला लोखंडी दार बसवले, वेल्डिंग स्वतःच केले. तेव्हा काही त्रास झाला नाही, जेवणही नीट गेले. झोप लागली आणि मध्यरात्री आग सुरू झाली.

अमरावती असो की अकोला, दोन्हीकडची कहाणी सारखीच. वावरातल्या खोलीत मोटरपंप, केबल, फवारणीचा पंप आणि चार पोती माल असतो. जुने लाकडी दार एका लाथेत निघते. पिशवीत मावेल एवढे वेल्डिंग मशीन आता बाजारात मिळते आणि मोबाइलवर ते चालवायला शिकवणारे पुष्कळ आहेत. तेव्हा माणूस म्हणतो, आपले दार आपणच करू. त्यात मला काहीही वावगे वाटत नाही. उलट, हाताने काम शिकणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे ते लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रविद्या बऱ्याच अंशी स्वतःच शिकले होते. आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले तेही डोळ्यांमुळेच.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्यांचे वातावरण आणि या मुलाला मात्र चित्रे आणि यंत्रे यांचा नाद. शाळेच्या अभ्यासात त्याचे मन रमेना. चित्रकला शिकायला मुंबईला जायचे त्याने ठरवले. वडिलांना ते पसंत नव्हते, पण थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे दोन वर्षे गेल्यावर एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. त्यांना अंशतः रंगांधत्व होते.

हा दोष वरून दिसत नाही. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांपैकी एखादा प्रकार कमी पडला किंवा वेगळ्या पद्धतीने काम करू लागला की दोन रंगांतला फरक पुसट होतो. बहुतेकांना लाल आणि हिरवा यांत अडचण येते. नजर मात्र स्वच्छ असते. वाचता येते, दूरचे दिसते, त्यामुळे तो माणूस वर्षानुवर्षे अंधारात राहतो. दोष जन्मजात असतो आणि आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. पुरुषांत तो बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण शंभरात आठच्या आसपास आहे, आपल्याकडे त्याहून कमी. तरी शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावात असे काही जण असतातच. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने तो जात नाही, वयाबरोबर वाढतही नाही.

आज डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात ठिपक्यांच्या चित्रांचे एक पुस्तक असते. ठिपक्यांतला आकडा वाचायचा, पाच मिनिटांत निदान होते. जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी ही चित्रे १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. लक्ष्मणरावांच्या वेळी ही सोय नव्हती. कळायला दोन वर्षे लागली.

घरच्यांचा विरोध पत्करून, भावाच्या पैशावर मुंबईला आलेला अठरा वर्षांचा मुलगा आणि ज्या कलेसाठी आला तीच हातून निसटली. असे तरुण आम्ही आजही बघतो. रेल्वेच्या नाहीतर पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत रंगांधत्व निघते आणि घरी जाऊन काय सांगायचे या विचाराने मुलगा बाकावर बसून राहतो. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नव्हते. लागत होते ते माप, प्रमाण आणि हाताची स्थिरता. या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. १८८७ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यंत्ररेखनाचे सहायक शिक्षक म्हणून ते लागले.

घरी वेल्डिंग शिकणाऱ्याने इथे थोडे थांबावे. मशीनच्या केबलमध्ये तीन तारा असतात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. लाल-हिरवा न ओळखणाऱ्याच्या हातून प्लगमध्ये फेज आणि अर्थिंग यांची अदलाबदल झाली तर मशीनच्या लोखंडी खोक्यातच वीज उतरते आणि हात लावणारा तिथेच चिकटतो. काहींना लाल तार काळपट दिसते, मग फेज आणि न्यूट्रल यांचा घोळ होतो. कच्चा आणि पिकलेला टोमॅटो ओळखताना घरातले कुणी नेहमी चुकत असेल तर त्याने एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन डोळे दाखवावेत. दोष निघाला तरी वेल्डिंग करायला हरकत नाही. वायरिंग तेवढे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. खरे तर ते सगळ्यांनीच तसे करावे.

लक्ष्मणराव शिक्षक होते खरे, पण कागदावर यंत्र काढणे आणि यंत्र चालवणे यांतले अंतर त्यांना ठाऊक होते. मोकळा वेळ मिळाला की ते मुंबईतल्या कारखान्यांत जात आणि तिथे काम करून यंत्रांची माहिती मिळवत. मास्तर असून कारागिराच्या शेजारी उभे राहायला त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांनी यंत्रविद्येची मोठी पदवी घेतली नव्हती, म्हणून आपण त्यांना स्वयंशिक्षित म्हणतो. पण ते एकट्याने मात्र शिकले नाहीत. जाणत्या हातांकडे बघत बघत शिकले.

मोबाइलवर शिकण्यात नेमकी हीच उणीव राहते. रॉड किती अंतरावर धरायचा ते पडद्यावर दिसते, पण आपला हात चुकतो आहे हे पडदा सांगत नाही. ठिणगीचा आवाज कधी बरोबर आहे आणि कधी नाही, हे शेजारी उभा असलेला माणूसच सांगू शकतो. आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. सगळ्यांनी तो करावा असे नाही. पण गावातल्या किंवा एमआयडीसीतल्या वेल्डरकडे चार-आठ दिवस रोज तासभर उभे राहायला काय हरकत आहे? त्याचा चहा पाजा, त्याची पोरे उचलतात तशी अँगल उचला. भंगारातल्या पट्टीवर आधी पन्नास टाके मारा आणि ते हातोड्याने तोडून बघा. दाराची पाळी त्यानंतर.

मुंबईत लक्ष्मणरावांनी पहिल्यांदा सायकल पाहिली. हे वाहन त्यांना इतके आवडले की १८८८ मध्ये रामुअण्णांबरोबर त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान सुरू केले. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात तिथली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामुअण्णा त्या विकत, दुरुस्त करत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांऐवजी एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

सायकलच्या दुकानातून त्यांचे लक्ष शेतीकडे वळले. कडबा कापायचे यंत्र त्यांनी तयार केले. मग लोखंडी नांगर. त्या काळी लोखंडाला लोखंड जोडायचे तर लोहाराच्या भट्टीत तापवून ठोकायचे, रिव्हेट मारायचे नाहीतर नट-बोल्ट घालायचे. विजेच्या ठिणगीने लोखंड वितळवून जोडायची युक्ती रशियन साम्राज्यातले निकोलाय बेनार्दोस यांनी १८८१ मध्ये कोळशाची कांडी वापरून दाखवली होती, पण ती आपल्या खेड्यांपर्यंत यायला अनेक दशके जायची होती.

नांगर तयार झाला, पण घेईना कुणी. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते आणि तिचा कस जातो अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या, चिकट, उन्हाळ्यात दगड होणाऱ्या जमिनीत लाकडी नांगर ओढताना बैलांचे काय हाल होत ते जुन्या माणसांना विचारावे. ज्या लोखंडाने ते कष्ट हलके झाले त्याचीच आधी भीती होती. लक्ष्मणराव लोकांना अडाणी म्हणत बसले नाहीत. वाट पाहिली आणि नांगर जमिनीत चालवूनच त्यांना पटवले.

लोखंडाचे विष मातीत उतरत नाही. वेल्डिंगच्या धुरातून मात्र धातू फुप्फुसात जातो, आणि त्याची भीती कुणालाच वाटत नाही. सगळ्यात फसवा असतो जस्त चढवलेला पाइप किंवा पत्रा, ज्याला आपण जी.आय. म्हणतो. तो गंजत नाही म्हणून दाराला तोच निवडला जातो. त्यावर रॉड टेकला की पांढरा धूर निघतो. तो जस्ताचा धूर. बंद कोठ्यात तासभर तो ओढला तर सहा-आठ तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अंग ठणकते, तोंडाला धातूची चव येते, छाती भरल्यासारखी वाटते. कुणाला वाटते मलेरिया, कुणाला वाटते साथीचा ताप. एक-दोन दिवसांत तो उतरतो, म्हणून कारण शोधले जात नाही आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा होते. जोडायच्या जागेचे जस्त आधी घासून काढावे, ते घासतानाही तोंडा-नाकावर मास्क ठेवावा. काम उघड्यावर करावे आणि वारा पाठीकडून नव्हे, एका बाजूने यावा असे उभे राहावे. धाप लागली किंवा दोन दिवसांत ताप उतरला नाही तर दवाखान्यात यावे आणि वेल्डिंग केले होते हे आपणहून सांगावे.

आता त्या मध्यरात्रीच्या डोळ्यांकडे येऊ. वेल्डिंगच्या ठिणगीत जो उजेड दिसतो त्याहून घातक ते किरण जे दिसत नाहीत. हे अतिनील किरण डोळ्याच्या सगळ्यात पुढच्या पारदर्शक पटलावर, म्हणजे कॉर्नियावर पडतात. उन्हाने कातडी भाजावी तसा त्याचा वरचा पापुद्रा भाजतो. तो सुटायला सहा ते बारा तास लागतात, म्हणून दुपारच्या कामाची शिक्षा रात्री मिळते. ठिणगीकडे न बघता शेजारी रॉड पकडून उभे राहणाऱ्यालाही हे होते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून किरण परततात. मौज म्हणून बघत उभ्या राहिलेल्या लहान मुलांना तर हमखास होते.

बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत नवा पापुद्रा येतो आणि डोळा बरा होतो. तो बरा होऊ द्यावा एवढेच आपले काम. डोळे चोळू नयेत, थंड पाण्याची घडी ठेवावी, अंधाऱ्या खोलीत पडावे आणि सकाळी डॉक्टरांना दाखवावे. बटाट्याचा रस, दूध, मध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. जखमेवर त्याने जंतू वाढतात. दुखणे क्षणात थांबवणारे बधिरतेचे थेंब आम्ही तपासताना एकदा घालतो, पण ते घरी कधीच देत नाही. ते वारंवार घातले तर कॉर्निया भरत नाही, तिथे व्रण होतो आणि नजर जाऊ शकते. कुण्या ओळखीच्याने अशी बाटली दिली तर परत करावी.

काळा गॉगल वेल्डिंगला चालत नाही. आपल्या कामात अडीच ते सव्वातीन मिलिमीटरचा रॉड लागतो. त्याला दहा नंबरची वेल्डिंगची काच असलेले, पूर्ण चेहरा आणि गळा झाकणारे हेल्मेट हवे. ग्राइंडर चालवताना साधा, बाजूंनी बंद असलेला पारदर्शक चष्मा पुरतो, पण तो हवाच. ग्राइंडरचा कण बुबुळात रुतला तर दुसऱ्या दिवसापासून त्याभोवती गंज चढतो आणि काढताना आम्हाला अधिक खरवडावे लागते. काडीने, रुमालाच्या टोकाने तो काढायचा प्रयत्न करू नये.

लक्ष्मणरावांचे काम वाढले तशी बेळगावात जागा अपुरी पडू लागली. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना तिथून हलावे लागले. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून आपल्याला ते माहीत आहेत. ते स्वतः चित्रकारही होते. रंग सोडावे लागलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने जागा दिली. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचे बत्तीस एकर माळरान, निवडुंग आणि साप यांनी भरलेले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पुढे स्थानकाचेही नाव तेच झाले. नांगरांपाठोपाठ शेतीची इतर यंत्रे आणि मग पंप तिथे तयार होऊ लागले. आज वऱ्हाडातला शेतकरी ज्या पंपासाठी दार मजबूत करतो त्या पंपाचा आपल्या देशातला इतिहास त्या माळरानापाशी जातो.

आता दाराचा प्रश्न. माळरानावरचा कारखाना, किमती लोखंड, वस्ती विरळ. लक्ष्मणरावांनी तिथे रात्रीचे पहारेकरी म्हणून तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना नेमले. माणूस मुळात चांगला असतो, त्याला जबाबदारी दिली की तो ती पाळतो, यावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या वाडीत अस्पृश्यतेलाही थारा नव्हता. ते कुलुपाच्या विरुद्ध होते असा याचा अर्थ नाही. पण आपल्या मालाची राखण लोखंडाने जेवढी होते त्याहून अधिक माणसांनी होते, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या कोठ्याला दार जरूर करावे. कोयंड्याचे नट आतल्या बाजूला घ्यावेत, बिजागरीच्या पिनेला टाका मारावा म्हणजे ती बाहेरून काढता येणार नाही. पण ते करताना चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, काम कोठ्याच्या आत, कुटार आणि कापसाजवळ करू नये. ठिणगी दहा मीटरपर्यंत उडते आणि कुटारात तासभर धुमसून मग पेटते. दार बाहेर अंगणात तयार करावे, बादलीभर पाणी आणि वाळू जवळ ठेवावी, काम संपल्यावर अर्धा-एक तास तिथेच थांबावे. पाणी आणि वाळू आगीसाठी. पेटलेल्या मशीनवर पाणी टाकू नये, आधी वीज बंद करावी. दुसरी, घामाने भिजलेले हातमोजे आणि ओली जमीन टाळावी. रॉडच्या टोकाला साठ-सत्तर व्होल्ट असतात, ओल्या अंगाला तेवढेही पुरतात. तिसरी, अंगावर पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे आणि पायात चामडी बूट. नायलॉन-टेरिकॉटचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. चौथी, डिझेलचा किंवा कीटकनाशकाचा रिकामा दिसणारा ड्रम कधीच वेल्डिंगला घेऊ नये. त्यातल्या वाफेचा स्फोट होतो, आणि अशा स्फोटातल्या माणसासाठी आम्हा डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरत नाही. हृदयात पेसमेकर बसवलेल्याने तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनच्या जवळही जाऊ नये.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य, त्यातली बहुतेक लोखंडाच्या संगतीत. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. चित्रकार व्हायला निघालेल्या आणि रंग न दिसणाऱ्या मुलाचे चित्र असे देशभरच्या पाकिटांवर गेले.

त्यांची गोष्ट मी आमच्याकडे येणाऱ्या तरुण वेल्डरना सांगतो, डोळ्यांत मलम घालून झाल्यावर, कारण तेव्हा ते कुठे पळू शकत नाहीत. आपल्या डोळ्यांना काय जमत नाही हे कळल्यावर ते मान्य करायचे आणि जे जमते त्याला लागायचे. जाणत्याच्या शेजारी उभे राहायचे. घाई करायची नाही. एवढे ऐकून गेल्यावर मागच्या वर्षी एक जण परत आला. या वेळी डोळे ठणठणीत होते. आईला मोतीबिंदूच्या तपासणीला घेऊन आला होता. दार कसे झाले असे मी विचारले. गावातल्या वेल्डरकडे पंधरा दिवस जात होतो, म्हणाला. दार झाले होते आणि आता शेजाऱ्याच्या कोठ्याचेही तोच करणार होता. हेल्मेट आहे ना, एवढेच मी विचारले. दोन आहेत म्हणाला, एक रॉड पकडणाऱ्यासाठी.